सीमा ठाऊक असेल त्यालाच सीमोल्लंघन

देवापुढे पाट मांडून, उजव्या हातात पाणी घेऊन आपण पूजेचा संकल्प सोडतो, तेव्हा देवाकडे काही मागण्याच्या आधी आपण आपला ठावठिकाणा सांगतो. जंबुद्वीप, त्यात भरतवर्ष, त्यात दंडकारण्य, आणि घर वऱ्हाडातले असेल तर गोदावरीचा उत्तर तीर, असे विश्वाच्या विस्तारापासून एकेक पायरी उतरवीत गुरुजी यजमानाला त्याच्या पाटापर्यंत आणून बसवितात. आपण कोण आहोत याच्या बरोबरीने आपण कोठे आहोत हे सांगितल्याशिवाय आपल्याकडे कर्माला आरंभ होत नाही. मात्र गोदावरीच्या तीरापासून आपल्या उंबऱ्यापर्यंतचा जो शेवटचा टप्पा, म्हणजे आपले गाव, त्याच्या गल्ल्या, चौक, वेशी आणि देवळे, तो संकल्पात येत नाही. तो ज्याचा त्याने मनात रेखाटावयाचा असतो, आणि तो रेखाटण्याची लेखणी म्हणजे आपले पाय.

आज विजयादशमी. सायंकाळी वेशीबाहेर जावे, शमीचे पूजन करावे, आपट्याची पाने सोने म्हणून घरी आणावीत आणि वडीलधाऱ्यांच्या हाती ठेवून त्यांना नमस्कार करावा, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. या विधीला आपण सीमोल्लंघन म्हणतो. परंतु सीमा ओलांडावयाची तर ती कोठे आहे हे आधी ठाऊक असले पाहिजे. अमरावती आणि अकोला या आपल्या दोन शहरांतील किती घरांत आज मुलांना आपल्या गावाची वेस दाखविता येईल? सणाच्या दिवशी हा प्रश्न विचारावासा आम्हांस वाटतो. कारण मनातील गावाचा नकाशा पुसला गेला, तर वाटेबरोबर आणखीही पुष्कळ काही हरवते.

पाच दरवाजे, चार खिडक्या

अमरावतीत राजकमल चौकात उभे राहून एखाद्या जाणत्या माणसाला देवीची वाट विचारावी. उत्तर मिळते, "सीधे जा भाऊ, गांधी चौक लागते. तिथून देऊळ जवळच आहे. नाही सापडलं तं कोणालेही पुसा." या उत्तरात रस्त्याचे नाव नाही आणि अंतराचा आकडाही नाही. आहे ती एक खूण, तिच्या पुढची दुसरी खूण, आणि वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसावरचा भरवसा. नवरात्रात तर विचारण्याचीही गरज पडत नाही. पहाटेच्या अंधारात दूरदूरच्या वस्त्यांतून लेकीसुना, आजीबाई, तरुण मुले पायी निघतात. अंबादेवी आणि एकवीरेच्या दिशेने वाहणाऱ्या त्या प्रवाहाला जो येऊन मिळेल, तो न विचारता देवळाच्या पायरीशी पोहोचतो.

गावाच्या मनातला हा नकाशा दगडातही उभा आहे. निजामाच्या अमदानीत, पेंढाऱ्यांच्या भयाने, १८०७ साली जुन्या अमरावतीभोवती परकोट बांधला गेला. त्याचा घेर सुमारे सव्वादोन मैलांचा. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. या दरवाजांची नावे जरा न्याहाळून पाहावीत. नागपुरी दरवाजा नागपुरात नाही आणि खोलापुरी दरवाजा खोलापुरात नाही. दरवाजा आपण कोठे उभा आहे हे सांगत नाही. आपल्यातून निघालेली वाट कोठे जाते, हे तो सांगतो. जुन्या माणसाला आपले गाव पुढच्या गावाच्या ओढीनेच ओळखता येत असे, याचा यापेक्षा बोलका पुरावा दुसरा कोणता? आणि या परगावच्या नावांच्या मेळ्यात एक दरवाजा मात्र जगदंबेच्या नावाचा. व्यापाराची वाट, राज्यकारभाराची वाट, तशीच देवीची वाट हीदेखील गावाची एक मुख्य दिशा मानली गेली. चार खिडक्यांपैकी खुनारी खिडकीच्या नावात १८१८ च्या रक्तपाताची आठवण साठलेली सांगतात. म्हणजे गावाने आपले दुःखही भिंतीतल्या एका जागेशी बांधून ठेवले.

परकोटाच्या आतबाहेर फिरावे तर जागांना वारांची नावे भेटतात. बुधवारा आणि इतवारा ही नावे ऐकणाऱ्याला ठिकाणाबरोबर दिवसाचीही आठवण देतात; पंचांग आणि नकाशा यांची अशी गाठ आपल्या पूर्वजांनी सहज घालून ठेवली. भुईखालीही या गावाचा नकाशा आहे. रुक्मिणीचे हरण अंबेच्या देवळातून झाले आणि येथून एक भुयार थेट वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुरास जाते, अशी लोकांची श्रद्धा आहे. ते भुयार कोणी मोजलेले नाही. परंतु त्या श्रद्धेने अंबेचे देऊळ आणि रुक्मिणीचे माहेर ही दोन स्थाने शतकानुशतके अमरावतीकरांच्या मनात एकमेकांशेजारी बसविली आहेत. मनाच्या नकाशात अंतर मैलांनी मोजले जात नाही, नात्याने मोजले जाते.

नावांची चिवटपणाही पाहण्यासारखी आहे. श्याम, चित्रा, सरोज या चित्रपटगृहांची नावे चौकांना अशी चिकटली की सिनेमा पाहण्याचा संबंध उरो वा न उरो, रिक्षावाल्याला तीच नावे सांगावी लागतात. नाक्यावर जकात घेणारा कारकून केव्हाच गेला, नाका राहिला. इर्विन हे इंग्रज व्हाइसरॉयचे नाव रुग्णालयावरून चौकाला मिळाले; पुढे त्या चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला आणि चौकाला त्यांचे नाव दिले गेले, तरी बोलीत जुने नावही टिकून आहे. पाटी पालिका लावते; खूण लोक ठरवितात.

मोर्णेच्या दोन काठांचे गाव

अमरावतीचा नकाशा परकोटाने आखला, तर अकोल्याचा मोर्णा नदीने. पश्चिम काठावर जुने शहर, पूर्वेला ताजनापेठ आणि तेथून पसरत गेलेले नवे अकोले. 'नदीपलीकडे' हा शब्द अकोल्यात रोज शेकडो वेळा उच्चारला जातो, आणि त्याचा अर्थ बोलणारा कोणत्या काठावरचा आहे यावर ठरतो. येथेही वेशींची तीच रीत. नवाब असदखानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या असदगडाच्या दहीहंडा वेशीवर औरंगजेबाच्या काळातला, १६९७ चा उल्लेख करणारा शिलालेख आहे. अगरवेशीवरच्या मराठी लेखात गोविंद आप्पाजी यांचे नाव आणि १८४३ हे साल येते. दहीहंडा आणि अगर ही दोन्ही परिसरातील गावे. वेस ओलांडणाऱ्याला ती त्याच्या मुक्कामाचे नाव आधीच सांगून टाकते.

या जुन्या शहरात श्रीराजराजेश्वराचे पुरातन स्थान आहे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात जे घडते, ते आमच्या मते एका संपूर्ण शहराने आपला नकाशा पायांनी गिरविणे होय. शिवभक्तांची मंडळे रविवारी गांधीग्रामला पूर्णा नदीवर जातात. तेथे भरणी भरतात, कावडी आणि पालख्या खांद्यावर घेतात आणि सुमारे १८ किलोमीटरची वाट अनवाणी तुडवीत रात्रभर चालतात. पहाटे अकोट फैलातून ही रांग शहरात शिरते, बाजारपेठेतून जाते, मोर्णा ओलांडते आणि जुन्या शहरात राजेश्वराच्या गाभाऱ्याशी येऊन पूर्णेचे जल त्याच्या मस्तकी घालते. वाटेत जागोजाग लोक पाणी, चहा, फराळ घेऊन उभे असतात.

खांद्यावर जड कावड असताना माणूस रस्ता डोळ्यांनी पाहत नाही. चढ कोठे लागतो, खडी कोठे टोचते, विसावा कोठे घ्यावयाचा, हे त्याचे पाऊल लक्षात ठेवते. बापाच्या बरोबर एकदा ही वाट चाललेला मुलगा पुढे कोठेही नोकरीला गेला, तरी गांधीग्रामपासून राजेश्वरापर्यंतचे अकोले त्याच्या अंगात राहते. सण आणि नकाशा यांचे नाते ते हेच. सण वर्षातून एकदा गावाची उजळणी करून घेतो आणि ती नव्या पिढीच्या पायांत उतरवितो.

शास्त्र काय सांगते

आधुनिक शास्त्रानेही या विषयाचा कसून शोध घेतला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे मांडले, की प्राणी केवळ डावे-उजवे वळण पाठ करीत नाही. तो मनात त्या जागेचा नकाशा तयार करतो. १९६० साली केविन लिंच यांचे 'द इमेज ऑफ द सिटी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस येथील रहिवाशांना त्यांनी आपापल्या शहराचे चित्र काढावयास सांगितले आणि माणसाच्या मनातील शहर पाच घटकांनी बनते असा निष्कर्ष काढला. ते पाच घटक मराठीत सांगण्यासाठी नवे शब्द घडविण्याची गरज नाही. वाट, कड, पेठ, चौक आणि खूण. वाट म्हणजे कावडीची आणि देवीची. कड म्हणजे परकोट आणि मोर्णेचा काठ. पेठ म्हणजे अंबापेठ आणि ताजनापेठ. चौक म्हणजे राजकमल आणि जयहिंद. आणि खूण म्हणजे देवळाचे शिखर. परदेशी पंडिताने सूत्ररूपाने मांडलेली गोष्ट आपल्या बोलीत पूर्वीपासून नांदत होती.

पुढे १९७१ साली जॉन ओकीफ यांना मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात अशा पेशी आढळल्या, की ज्या विशिष्ट जागी गेल्यावरच चेतविल्या जातात. या शोधासाठी त्यांना आणि त्याच क्षेत्रात पुढचे कार्य करणाऱ्या मे-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लंडनच्या हजारो गल्ल्या तोंडपाठ करणाऱ्या टॅक्सीचालकांच्या मेंदूत याच भागाची मागची बाजू अधिक मोठी असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. याच भागावर आपली स्मरणशक्तीही अवलंबून असते. गाव लक्षात ठेवणे आणि आयुष्य लक्षात ठेवणे ही मेंदूच्या घरात एकाच खोलीत चालणारी कामे आहेत, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

वऱ्हाडाचा वारसा

स्थानाची अशी निगराणी वऱ्हाडाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे गाव; म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते येथेच, आणि २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले तेही येथेच. महानुभाव परंपरेत 'स्थानपोथी' नावाचा एक विलक्षण ग्रंथ आहे. चौदाव्या शतकातील मुनी व्यासांनी श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या जागांची त्यात नोंद केली. गावाच्या कोणत्या दिशेस कोणते देऊळ, त्याचे दार कोणीकडे, मठ कोठे, नदी कोणीकडे, अशा तपशिलांनी तो भरलेला आहे. स्वामी ज्या जागी बसले, ती जागा पुढच्या काळात कोणी शोधू गेला तर त्याला ती सापडावी, एवढीच त्यामागची तळमळ. भक्तीपोटी केलेली ही स्थळांची नोंद आज इतिहाससंशोधकांना सातशे वर्षांपूर्वीच्या गावांची रचना समजून घेण्यास उपयोगी पडते. जागा विसरली तर लीळाही विसरेल, हे त्या मुनींनी ओळखले होते.

अडलेली वाट

मनातील नकाशाची एक दुसरीही बाजू आहे, आणि सणाच्या दिवशी ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकाच गावात राहणाऱ्या सर्वांच्या मनात एकच नकाशा नसतो. ज्या अंबेच्या देवळाच्या खुणेने सारी अमरावती वाट ओळखीत होती, त्याच देवळाच्या दाराशी आपल्यातील कित्येकांची वाट अडत होती. त्यांना देऊळ ठाऊक होते, परंतु ते दुरून नमस्कार करण्यापुरतेच. त्यांच्या नकाशात देवीपाशी एक अदृश्य परकोट होता, आणि त्याला एकही दरवाजा नव्हता.

तो परकोट पाडण्यासाठी १९२७ साली अमरावतीत चळवळ उभी राहिली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इंद्रभुवन नाट्यगृहात भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि अंबादेवीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांनी पुढाकार घेतला होता. वर्षानुवर्षे दसऱ्याला गावाबाहेरची सीमा ओलांडणाऱ्या समाजाला गावाच्या आतली सीमा दाखवून देण्याचे काम या मंडळींनी केले. सीमोल्लंघन या शब्दाचा याहून थोर अर्थ आम्हांस ठाऊक नाही. आपल्या मुलांना देवळाची वाट सांगताना ती कोणासाठी, किती काळ बंद होती हेही सांगितले पाहिजे. म्हणजे नव्या भिंती उभ्या राहू लागल्या तर त्या त्यांच्या नजरेस पडतील.

पडद्यावरचा बाण

आज वाट दाखविण्याचे काम हातातल्या फोनवरचा बाण करतो. परगावी, रात्री-अपरात्री, रुग्णालय शोधताना या यंत्राचे उपकार मानावे तेवढे थोडे. त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु बाण फक्त पुढचे वळण दाखवितो. कोणत्या वेशीतून आपण आत आलो, डाव्या हाताला कोणते देऊळ मागे पडले, नदी कोणीकडे राहिली, याची तो गरजच उरू देत नाही. २०२० साली कॅनडातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा मार्गदर्शनावर अधिक विसंबणाऱ्या वाहनचालकांची स्वतःच्या बळावर जागा लक्षात ठेवण्याची शक्ती कमी भरली. वापरले नाही ते गंजते, हा घरच्या सुरीचा नियम बुद्धीलाही लागू आहे.

त्यात शहरांचे रूपही पालटले. उड्डाणपुलावरून जाणाऱ्याला खालचा चौक भेटत नाही. शेते मोडून जे नवे ले-आउट पडले, तेथे सारखी घरे, सारखे रस्ते आणि सारखी नगरांची नावे. लिंच यांना जर्सी सिटीत असेच आढळले होते. तेथल्या लोकांना आपल्या गावाची खूण सांगताना नदीपलीकडे दिसणाऱ्या न्यूयॉर्कच्या इमारतींचाच आधार घ्यावा लागे. आपल्या नव्या वस्त्यांत मात्र लोक स्वतःहून खूण निर्माण करतात. मोकळ्या जागेत मारुतीची स्थापना होते आणि वर्षभरात 'मारुतीच्या देवळापासून तिसरे घर' हा पत्ता रूढ होतो. आमचे म्हणणे इतकेच, की या नव्या खुणेपासून जुन्या गावाच्या वेशीपर्यंतचा धागा तुटू नये. शाळेच्या गाडीतून शाळेत आणि दुचाकीवरून शिकवणीला जाणारे मूल आपले घर आणि शाळा ही दोन टोके जाणते. त्यांच्यामध्ये पसरलेले गाव त्याचे होत नाही. आणि जे गाव आपले झाले नाही, त्याच्या नाल्यात कचरा पडला किंवा त्याचा दरवाजा ढासळला, तर त्याला दुःख कशाने व्हावे? देवळापेक्षा देवळाची वाट झाडण्यात ज्यांनी देव पाहिला त्या गाडगेबाबांची समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे. ज्याने वाट पायाखाली घातली, त्यालाच ती झाडावीशी वाटते.

आज सायंकाळी

अंबा आणि एकवीरा यांच्या पालख्या आज सीमोल्लंघनास निघतील. त्यांच्या मागोमाग आपणही निघावे, आणि शक्यतो पायी निघावे. अमरावतीकरांनी येताना मुलांना परकोटाच्या एखाद्या दरवाजाखालून न्यावे आणि त्याचे नाव त्यांच्याकडून वदवून घ्यावे. अकोलेकरांनी दगडी पुलावर क्षणभर थांबून जुने शहर कोणीकडे आणि नवे कोणीकडे हे त्यांना विचारावे. चौकात आल्यावर पुढची वाट मुलांनीच सांगावी. थोडी चुकली तरी चुकू द्यावी. चुकलेली वाट फार दिवस लक्षात राहते.

आणि घरी परतल्यावर आजीच्या हाती सोने देताना तिला एक गोष्ट अवश्य विचारावी : या गावात सून म्हणून प्रथम पाऊल टाकले, तेव्हा तुला कोणत्या वाटेने आणले होते? तिला रस्त्याचे नाव आठवणार नाही. ती डोळे किंचित मिटून एखादी वेस सांगेल, एखादा नदीचा उतार सांगेल, आणि जोडीने जेथे पहिला नमस्कार केला ते देऊळ सांगेल. मुलांनी ते कागदावर रेखाटून घ्यावे. घरोघरी असा एकेक कागद तयार झाला, तर या दोन शहरांची स्थानपोथी नव्याने लिहिली जाईल.